चौदा नंबरची जुळी चकती

"आली! ऊब आली!" कांचन खुर्चीतून अर्धवट उठून ओरडली आणि कोटरा वस्तीतल्या आमच्या मंडळाच्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ऐंशी बायका, वीसेक पुरुष, दारात चपलांचा ढीग. टेबलावर निळं मखमली कापड, कापडावर जरीचं कमळ, कमळावर पुरीएवढी एक चकती, आणि चकतीवर आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचा, म्हणजे कांचनचा, तळहात. भिंतीवरच्या टीव्हीत बर्फाचे डोंगर. डोंगरांपुढे पांढऱ्या दाढीचे गुरुमहाराज बसलेले, आणि त्यांच्या हातात तश्शीच दुसरी चकती.

"देखा आपने?" टेबलामागचा माणूस म्हणाला. भगवा कोट, भगवा टाय, छातीवर अणूचं चित्र. नाव क्वांटमाचार्य तरंगनाथ. मूळचा इंदूरकडचा, त्यामुळे मराठी येत होतं, पण चमत्कार करताना तो हिंदीत शिरायचा. "गुरुदेव बाराशे किलोमीटर दूर आहेत. त्यांनी जुळी चकती हातात घेतली आणि इथे माताजींच्या हाताला ऊब आली! याला विज्ञानात म्हणतात क्वांटम जोड. माताजी, तुम्ही कण नाही. तुम्ही तरंग आहात!"

कांचनचं वजन नव्वद किलो आहे. तिला तरंग म्हटलेलं इतकं आवडलं की तिनं डोळे मिटून घेतले.

मी सुमन. सरकारी कार्यालयात छत्तीस वर्षं फायली वाचल्या, त्यामुळे कुणी मोठे शब्द वापरायला लागलं की खाली सही कुणाची आहे ते बघायची मला सवय आहे. याच सभागृहात विधवांनाही हळदीकुंकू लावलं पाहिजे म्हणून मी पंधरा वर्षं भांडले आणि ते सुरू करवलं. आणि आता त्याच व्यासपीठावर हा बोका! माझ्या मस्तकात तिडीक गेली. पण मी काही बोलायच्या आत शेजारच्या खुर्चीतून माझी थोरली बहीण इंदुमती उठली.

"ताई, बस खाली."

"अगं, आपल्या जुईचाच विषय आहे हा," ताई म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

इथेच सगळा घोळ झाला. जुई ही ताईची नात. इथल्याच एका संस्थेत क्वांटम भौतिकीवर संशोधन करते. ती नेमकं काय करते ते ताईला सांगता येत नाही, पण शाहपुऱ्यातल्या प्रत्येक शेजारणीला ती 'क्वांटम' हा शब्द दिवसातून दोनदा ऐकवते. आता तोच शब्द भगवा कोट घालून मंडळात आला, तर ताई त्याच्या पाया पडणार नाही तर काय करेल? तिला चकती मिळाली. मागच्या बाजूला नंबर कोरलेला होता, चौदा. "ही अष्टधातूची चकती तुमच्याच नावाने जोडलेली आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात चालणार नाही," तरंगनाथनं बजावलं. मग हळूच विचारलं, "शुगर आहे का, माताजी?"

"वीस वर्षं. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते."

"सुई म्हणजे काय? धातू! धातू टोचला की जोड तुटते. सुई बंद करा. पुढच्या आठवड्यात आपल्या हळदीकुंकवाला येतोय मी. तेव्हा इन्सुलिनची पेनं सगळ्यांसमोर या त्यागपेटीत टाका."

धातू चालत नाही म्हणे. मग ती चकती काय लाकडाची होती?

तरी मला वाटलं, ताई एवढी वेडी नाही. आठव्या दिवशी तिच्याकडे गेले तर तासाभरात ती पाच पेले पाणी प्यायली. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, दर थोड्या वेळानं बाथरूमला पळायची. मी सरळ फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात पेनं तशीच होती, एकालाही हात लागलेला नव्हता.

"ताई, मरशील!"

"विष बाहेर पडतंय. तरंगनाथजींनी सांगितलंय असं होतं म्हणून. आणि जुईला एक शब्द बोलायचा नाहीस. बरी होऊनच तिला सांगणार आहे मी. माझी शपथ आहे तुला."

आमच्या घरात शपथेला फार मान. शपथ मोडली की जिची शपथ घातली ती मरते म्हणे. मी बाल्कनीत गेले आणि जुईला फोन लावला.

जुई अर्ध्या तासात आली. आजी नको म्हणत असतानाच तिचं बोट टोचून साखर बघितली. चारशेच्या वर होती. तिनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता इन्सुलिन द्या आणि दवाखान्यात घेऊन या. जुईनं पेन हातात घेतलं तर ताईनं हात मागे ओढला.

"तूच नाही का दिवाळीत सांगितलंस, की दोन कण एकमेकांना जुळले की कितीही लांब गेले तरी जोडलेले राहतात?"

"हो आजी, पण..."

"मग? तू सांगितलंस ते खरं आणि त्यांनी सांगितलं ते खोटं?"

जुईनं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे वळून ती हळूच म्हणाली, "सुमनआजी, त्या दिवशी मी पुढचं वाक्य सांगितलंच नव्हतं. चकल्या जळत होत्या, आजी उठली आणि गोष्ट तिथेच राहिली."

ताईचा एकच हट्ट. आज चारला हळदीकुंकू आहे, तिथे मला न्या, मग दवाखान्यात काय ते बघू. बळजबरी करायला आम्ही दोघी काय पोलीस होतो? साडेतीन वाजले होते. जुईनं मला नीट विचारून घेतलं. टेबल कसलं आहे? चकती कुठे ठेवतात? आणि सोन्याच्या बांगड्या, अंगठ्या खरंच काढायला लावतात?

"हो. सोनं तरंग अडवतं म्हणाला. कांचननं फक्त काचेच्या ठेवल्या होत्या."

"अच्छा," जुई म्हणाली. "आणि टेबलाला प्लग आहे का?"

"ते कोण बघतं बाई?"

ती तेवढ्यात पायरीवर बसली. बॅगेतून तांब्याची तार काढून तिची बांगडीएवढी वेटोळी केली आणि टोकांना डाळिंबाच्या दाण्याएवढा एक दिवा जोडला. रिक्षा येईपर्यंत तिचं काम झालंसुद्धा.

सभागृहात पोचलो तर दारातच आपल्या पद्धतीचा गोंधळ चालला होता. आपल्याकडे नवी वस्तू घरात आली की आधी तिला हळदकुंकू. कुकर असो, स्कूटर असो, सुटका नाही. तसं कांचननं सगळ्यांच्या चकत्या एका परातीत गोळा केल्या, प्रत्येकीला ठसठशीत कुंकू लावलं आणि वाण दिल्यासारखी हाताला येईल ती चकती एकेकीला देत सुटली. नंबर बघतंय कोण! सगळे कुंकवाखाली गेले होते. जुई हे बघत उभी राहिली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसली.

टीव्हीवर बर्फ आला, दाढी आली. पहिला मान ताईचा. ती टेबलाशी बसली, मांडीवर इन्सुलिनची पेनं. बाजूला लॅपटॉप घेऊन तरंगनाथचा चेला बसला होता. ताईनं कमळावर चकती ठेवली आणि चकतीवर हात.

"क्रमांक चौदा, इंदुमतीजी," दाढी गरजली. "मी तुमची जुळी चकती हाती घेत आहे!"

"आली," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "जुई, खरंच आली गं."

टाळ्या. जुई पुढे झाली, आजीच्या हाताखालची चकती उचलून उलटी केली आणि पदरानं कुंकू पुसलं. आजीच्याच पदरानं.

"सदतीस," तिनं मोठ्यानं वाचलं. "चौदा नंबर कुणाकडे आहे?"

सगळ्यांनी कुंकू पुसायला सुरुवात केली. मागच्या रांगेतून गौरीचा आवाज आला, "अय्या, माझ्याकडे! पण ही तर थंडगार आहे!"

हास्याचा असा फवारा उडाला की चेल्यानं लॅपटॉपमागे तोंड लपवलं. पण तरंगनाथ मुरलेला होता. "ऊर्जा चकती बघत नाही, माताजी, ऊर्जा भक्त ओळखते!"

"मागच्या आठवड्यात तर दुसऱ्या कुणाच्या हातात चालणार नाही म्हणालात," मी म्हटलं.

"ठीक आहे," जुई म्हणाली. "भक्त ओळखते ना? मग आजी त्या खिडकीपाशी बसेल, चकती हातात धरून. सांगा गुरुदेवांना."

"कमळाशिवाय नाही होणार."

"का? गुरुदेव बाराशे किलोमीटरवरून पोचतात, आणि खिडकीपर्यंतची दहा पावलं जमत नाहीत?"

आता कुणी हसलं नाही. आता लोक ऐकायला लागले होते. जुईनं तांब्याच्या तारेचं कडं कमळावर ठेवलं. "चला, गुरुदेवांना म्हणावं, पुन्हा चकती हातात घ्या."

दाढीला आमच्याकडचं दिसत नसावं, जुईचं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू गेलं. तिनं इमानेइतबारे चकती उचलली, आणि इकडे चेल्यानं सवयीनं टेबलाखाली पाय दाबला. कड्यावरचा दिवा भक्कन पेटला. ना बॅटरी, ना तार. सभागृहात "आँ!" झालं. जुईनं कापडाच्या टोकाला हात घातला.

"दीदी, कपडा मत उठाओ," चेला ओरडला, "करंट लगेगा!"

"कुणाचा करंट? बर्फातल्या गुरुदेवांचा?" मी म्हटलं आणि दुसरं टोक धरून कापड ओढलं.

खाली पातळ प्लायवूड. जुईनं ते उचललं. आत इंडक्शन शेगडीचं तांब्याचं वेटोळं, वरची काच काढलेली. टेबलाच्या पायातून वायर प्लगमध्ये गेलेली आणि एक बटण चेल्याच्या चपलेखाली. माझ्या स्वयंपाकघरात गेली सहा वर्षं असलीच शेगडी आहे, रोज तिच्यावर चहा करते मी. कपाळ माझं!

"चकती अष्टधातूची नाही, साध्या लोखंडाची आहे," जुईनं किल्ल्यांच्या जुडग्यातलं चुंबक तिला टच्चकन चिकटवलं. "शेगडी स्वतः गरम होत नाही, वर ठेवलेलं लोखंड गरम करते. अंगठ्या आणि बांगड्याही तापल्या असत्या, म्हणून आधी काढायला लावल्या." तिनं प्लायवूड परत ठेवलं, त्यावर गुलाबपाण्याची स्टीलची वाटी ठेवली आणि स्वतःच बटणावर पाय दिला. बघता बघता गुलाबपाण्याला उकळी फुटली आणि सभागृहभर वास सुटला.

तरंगनाथ दाराकडे सरकत होता. तिथे आमचा तरंग नव्वद किलोंनिशी उभा होता. "पोलीस येईपर्यंत बसा की, आचार्य," कांचन म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. अर्धा रागानं, अर्धा लाजेनं.

"पण माझे गुडघे खरंच बरे वाटले होते हो," कुणीतरी म्हणालं. चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी तरी टेबलाचा प्लग बघायला हरकत नव्हती.

ताई अजून खुर्चीतच होती. "म्हणजे जुळलेले कण वगैरे सगळं खोटंच?"

जुई तिच्यापुढे जमिनीवर बसली. "ते खरं आहे, आजी. माझं पुढचं वाक्य राहिलं होतं, ते ऐक. कण जुळलेले असतात, पण त्या जोडीतून काही पाठवता येत नाही. ऊब नाही, निरोप नाही, औषध नाही. दोन्हीकडची मोजमापं नंतर शेजारी ठेवली की मेळ दिसतो, एवढंच. आणि ती जोड इतकी नाजूक की साध्या धक्क्यानं, उष्णतेनं तुटते. मी तीन वर्षं हिऱ्यातल्या एका दोषावर काम करतेय. त्यानं अगदी बारीक चुंबकीय क्षेत्र मोजता येतं. कधीतरी त्यानं हृदयाची तपासणी होईल अशी आशा आहे. पण आज लिफ्ट चालू झाली तरी माझी मोजणी बिघडते. आणि हा माणूस पंख्याखाली बसून एका मिनिटात तुझी साखर बरी करणार होता!"

"मग तू मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"चुकलं माझं," जुई म्हणाली आणि रडायला लागली. "तू शेजारणींना सांगायचीस ना, ते ऐकून मलाच मोठं वाटायचं. तुला कळलंय का, ते मी कधी विचारलंच नाही."

ताईनं मांडीवरची पेनं बघितली. मग पदर बाजूला सारला आणि म्हणाली, "टोच." शंभर माणसांदेखत, त्यागपेटीच्या शेजारी बसून तिनं इन्सुलिन घेतलं. तिथून थेट दवाखाना. तीन दिवस सलाईनवर होती. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होतं.

तरंगनाथ सुटेल आणि कुठल्या तरी दुसऱ्या गावात कमळ मांडेल, याबद्दल मला शंका नाही. शब्द बदलेल. काल चुंबक होतं, आज क्वांटम आहे, उद्या आणखी काही येईल. बाबांनो, शब्द समजला नाही तर लाज कसली? विचारा. हे कसं होतं, टेबलाखाली काय आहे, दुसऱ्या जागी करून दाखवाल का, एवढं विचारायला भौतिकीची पदवी लागत नाही. आणि खरं औषध बंद करा असं जो सांगेल, त्याच्यासमोरून उठून चालू लागा.

आणि हो, मी ताईची शपथ मोडली होती. ताई जिवंत आहे. सकाळ-संध्याकाळ न चुकता सुई टोचून घेते.