सात डोळे काउंटरवर

नळांच्या दुकानाच्या मालकांनी आठ कॅमेरे बसवले. त्यातले सात काउंटरकडे तोंड करून होते. काउंटरवर काकू बसायच्या, आणि काकू पगारी, म्हणजे नजर ठेवायला लायक. आठवा मागच्या अंगणात, मालकांच्या नव्या गाडीवर. कोणी ओरखडा काढू नये म्हणून. कोठीवर मात्र एकही नाही. कोठीची किल्ली मेहुण्याकडे, आणि घरच्या माणसावर कॅमेरा रोखणं बरं दिसत नाही, असं मालकांचं मत होतं. म्हणजे मूळचं मालकीणबाईंचं.

त्यानंतर मालक आणि मालकीणबाई आपापल्या मोबाईलवर काकूंना बघू लागले. काकूंनी जांभई दिली की फोन, काकू पाणी प्यायला उठल्या की फोन. गिऱ्हाईक ताटकळलंय म्हणून फोन कधी आला नाही. कोठीतले पितळी नळ मात्र कमी होतच राहिले.

एका सकाळी मालक गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "काकू, नळांना पाय फुटत नाहीत. उद्यापासून येऊ नका." मेहुण्याने जड अंतःकरणाने मान डोलावली.

काकूंचा नवरा घरी बसलेला. चूल पेटायची ती याच पगारावर. तरी त्या रडल्या नाहीत. एवढं खर्चून माझं चित्रण केलंत, तर एकदा बघून तरी घ्या, म्हणाल्या.

बघितलं. काकू सात बाजूंनी दिसल्या. चष्मा पुसताना, बिल करताना, डबासुद्धा काउंटरवरच खाताना; कारण उठलं की फोन. कोठीची पायरी त्या चढल्याच नव्हत्या. मालक हिरमुसले. इतका चोख पुरावा, आणि तोही भलत्याच बाजूचा.

"गाडीवाला कॅमेरा राहिला," काकू म्हणाल्या.

गाडीवाल्यात मेहुणा दिसला. कोठीतून खोकं आणलं, डिकीत ठेवलं, वर रुमालाने गाडीही पुसली. मग खुद्द मालक आले, चारी बाजूंनी ओरखडे तपासले आणि माल घेऊन घरी गेले. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. घरी डिकी उघडायला मेहुणाच धावायचा. राहायला बहिणीकडेच होता. मालक त्याला सेवाभाव समजत.

मेहुण्याला तेवढ्यात बाहेर काहीतरी तातडीचं काम निघालं.

मालकांनी काकूंना हळूच जिन्याखाली बोलावलं. कोठी सोडली तर अख्ख्या दुकानात कॅमेऱ्याची नजर न पोचणारी तेवढीच जागा. झालं गेलं विसरून जा, असं काहीसं तिथूनच पुटपुटू लागले.

काकू काउंटरवरून हलल्या नाहीत. "चोर इथे म्हणालात, माफीही इथेच मागा. मी विसरेन हो, पण या सातजणांचं काय?"

मालक काउंटरपाशी आले. गिऱ्हाइकांसमोर, सात कॅमेऱ्यांसमोर म्हणाले, चूक माझी झाली, काकू उद्या यायच्या आहेत, आणि आजपासून कोठीची किल्लीही त्यांच्याकडे.

वाक्य पुरं होतंय तोच फोन वाजला. काकूंनी नाव वाचलं आणि फोन पुढे केला.

"घ्या. आज तुमच्यासाठी आहे. मालकीणबाई बघताहेत."