मंजुळाबाईने धुतलेले दगड

“हे कोणी धुतले?” साहेबांनी विचारलं, आणि मंजुळाबाईने अभिमानाने पुढे होऊन राखेने माखलेले हात दाखवले.

घ्या! बाईला वाटलं, शाबासकी मिळेल. दिवाळी चार दिवसांवर आलेली, राहुटीतले दगड धुळीने भरलेले. तिने ते देवघरातल्या देवांसारखे घासून लख्ख केले. त्या भरात साहेबांनी शाईने घातलेले आकडेही गेले. कोणता दगड डोंगराच्या कोणत्या थरातला, हे त्या आकड्यांवरूनच कळायचं. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. आचारी चुडामण म्हणाला, आता बाईने सरळ घरची, तळोद्याची वाट धरावी.

ही १९३१ सालची गोष्ट. अक्राणीच्या डोंगरात साहेब दगडात रुतलेले शिंपले शोधायचे आणि मंजुळाबाई पाट्या वाहायची. वाहता वाहता तिच्या शंकांना अंत नसे. इथे समुद्र होता म्हणता, तर तो गेला कुठे? शिंपल्यातला जीव खायचा काय? साहेब वैतागत, पण सांगत. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, एवढं तिला पक्कं कळलं होतं. आता हे सगळं सुटणार म्हणून तिला रडू कोसळलं. भाकरी काय, कुठेही मिळाली असती. असं सांगणारं कोण भेटणार होतं?

डोळे पुसून तिने राहुटीपुढे दगड मांडायला घेतले.

“बठ्ठा दगड मनाच डोकावर उनात, साहेब. माले याद शे.”

तिच्याच डोक्यावरून आलेला एकेक दगड ती आठवून ठेवू लागली. ओढ्याजवळचे एका रांगेत, कड्यावरचे त्याच्या वर. हाताला भुसभुशीत लागलेला इकडे, मानेला रग लावणारा तिकडे. दुपार कलली. बाई मनचं ठोकून देत नाही कशावरून, हा संशय साहेबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

शेवटी एकच राहिला. सगळ्यांत देखणा, तळहाताएवढा, वेटोळं घातलेला शंख, कुठे टवकासुद्धा उडालेला नाही. साहेब उठून जवळ आले.

“हा सगळ्यांत खालचा असेल ना? नीट आठव.”

त्यांना तो खालचाच हवा होता. तसा निघून सगळ्यांत जुना ठरला असता तर त्यांचं नाव झालं असतं. बाईनेही ते ओळखलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तिने तो उलटासुलटा केला, हातात तोलून पाहिला.

“हाऊ कोठला शे, माले याद नही. खोटं कसं सांगू?”

साहेबांनी तो शंख तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. ठावठिकाणा नसलेला दगड त्यांच्या काही कामाचा नव्हता. मग ते तिथेच मातीत मांडी घालून बसले, दौत उघडली आणि तिने मांडलेल्या पहिल्या रांगेतल्या पहिल्या दगडावर आकडा घातला.