पानासकट

“हे पान खोक्यात आलं कुठून?”

गुंजन मॅडमनी देठाला धरून संत्र उंच केलं आणि पॅकिंग शेडमधल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. संत्र कसलं, नवरीच होती ती. मेण लावून चकचकीत केलेलं अंग आणि डोक्यावर दोन हिरवीगार पानं. बाजारात असं संत्र दिसलं तर गिऱ्हाईक भाव न करता उचलतं. गुंजन मॅडमनी मात्र ते अंगावर पाल पडावी तसं लांब धरलं होतं.

परदेशी जाणारी फळं तपासणाऱ्या सरकारी खात्यात त्या होत्या. सकाळी नागपुरातल्या सक्करदऱ्याहून स्कूटीवर कळमेश्वरच्या ह्या शेडमध्ये आल्या होत्या. त्यांची सही झाली की नरखेड तालुक्यातल्या शेतकरी गटाचा पहिलावहिला कंटेनर मुंबईच्या बंदराकडे निघणार होता, आणि तिथून जहाजाने मस्कतला. कंटेनरला झेंडूचा हार घालून झाला होता. गटाचे अध्यक्ष महादेवराव कडक इस्त्रीचा सदरा घालून, हातात नारळ धरून सकाळपासून ताटकळत होते. अपशकुन नको म्हणून त्यांनी तो नारळ चहा पितानासुद्धा खाली ठेवला नव्हता.

“राहून गेलं असंल मॅडम,” ते कसंबसं हसले. “आता तोडून टाकतो.”

“एका खोक्यात निघालं, तर बाकीच्यांत नसेल कशावरून? पान, काडी, माती, काही म्हणजे काही चालत नाही. हे मी इथंच उभी राहून सगळ्यांना सांगितलं होतं. मी हा माल पास नाही करू शकत.”

“मॅडम, जहाज चुकते मंग.”

“चुकेल.”

महादेवरावांचं हसू मावळलं. जहाज चुकलं की मस्कतचा व्यापारी दुसऱ्या देशाच्या संत्र्यांकडे वळणार हे त्यांना ठाऊक होतं. तोडलेला माल पडून सडणार. आणि घरोघरी फिरून, चहा पाजून, हातापाया पडून जमवलेले गटाचे शेतकरी पुन्हा बागेत येणाऱ्या दलालाच्या तोंडाकडे बघत बसणार.

खोक्यावर भरणाऱ्या बाईचा नंबर होता. नंबर रुख्मिणीचा निघाला. ती ह्याच हंगामात कामाला लागली होती. महादेवरावांना राग काढायला जागा सापडली.

“काहून वं रुख्मिणी? डोळे कुठं ठेवले होते तुवं?”

“मी नाई ठेवलं भाऊ. पोराची आन! म्या एकूण एक देठ कापला.”

“मंग का पान आपल्या पायानं चालत आलं? उद्यापासून येऊ नको तू.”

रुख्मिणी तोंडाला पदर लावून रडायला लागली. बाकीच्या बायका खाली बघत हात चालवू लागल्या, कारण बोललो तर आपल्यावर शेकेल अशी प्रत्येकीला भीती.

शेडच्या टोकाला, चिकटपट्टीचं यंत्र हातात घेऊन, शोभाताई उभ्या होत्या. भरलेलं प्रत्येक खोकं शेवटी त्यांच्यापुढे यायचं. त्या वरून नजर टाकायच्या, एखादं फळ बदलायच्या आणि झाकण चिकटवायच्या. शोभाताईंच्या हाताखालून गेलं म्हणजे डोळे मिटून गाडीत टाका, असं महादेवराव पाहुण्यांना अभिमानाने सांगत. त्यामुळे शोभाताईंवर संशय घ्यायचं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्या गप्प राहिल्या असत्या तर निभावून गेलं असतं.

“तिले काहून बोलता भाऊ?” त्या म्हणाल्या. “पान म्या ठेवलं.”

“शोभाताई, तुम्ही उगाच तिच्यासाठी मधात पडू नका.”

“मधात नाई पडून राहिली मी. खरं सांगून राहिली. त्या भिंतीकडच्या थप्पीत आणखी हायेत. पंधरा-वीस खोक्यांत असतीन.”

महादेवरावांनी अखेर नारळ खाली ठेवला.

गुंजन मॅडमनी शोभाताईंना बाजूला नेलं, स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. वयाने त्या शोभाताईंच्या मुलीएवढ्याच असतील. “का केलं काकू?” एवढंच त्यांनी विचारलं. त्या रागावल्या असत्या तर शोभाताईंनी तोंड उघडलं नसतं. त्यांनी प्रेमाने विचारलं, तिथेच पंचाईत झाली.

शोभाताईंची एकुलती एक मुलगी हर्षा मस्कतला नर्स होती. नागपूरच्या दवाखान्यात शिकत असताना तिचं तिथल्याच बिजू नावाच्या केरळच्या मुलाशी जमलं. हर्षाचे वडील रुपराव म्हणजे मनाने मोठा पण तोंडाचा फाटका माणूस. ह्या घराचं दार तुले बंद, असं ते अंगणात उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. मुलगी नवऱ्याबरोबर समुद्रापार गेली. पुढे रुपराव वारले. त्यांना आपला शब्द मागे घ्यायचा होता की नाही, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. हर्षा फोनवर खूप रडली, पण आली नाही. शोभाताईंनीही ये म्हटलं नाही. नवऱ्याने सगळ्या गावासमोर लावलेलं दार त्याच्या माघारी कसं उघडायचं, हे त्यांना कळत नव्हतं. तेव्हापासून मायलेकींचं फोनवर बोलणं व्हायचं ते जेवलीस का, बरी आहेस का, पाऊस आहे का, एवढंच.

“आमच्याकडं पोरीच्या सासरी पहिलं फळ धाडतात ना मॅडम, ते पानासकट धाडतात,” शोभाताई म्हणाल्या. “बिनपानाचं संत्र म्हंजे बजारातून घेतलेलं. पान असलं की समजाचं, माहेरच्या झाडाचं हाय. हर्षीले माहीत हाय ते. लहानपणी तीच आत्याकडं पिशवी घेऊन जाये. म्हटलं, संत्रे तिच्याच गावाले जाऊन राहिले. म्हनून देठ कापाच्या आधीचे पानावाले उचलले आन खोक्यात बदलून ठेवले. हर्षी बजारात जाईन, पान दिसंन, तं समजून जाईन ते.”

“काकू, मस्कत केवढं मोठं शहर आहे! लाखो लोक राहतात तिथं.”

“म्हणूनच तं पंधरा-वीस खोक्यांत ठेवले.”

गुंजन मॅडमना हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी डोळ्यांत पाणी आलं. सरकारी कामात दोन्हीला जागा नसते, म्हणून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग त्यांनी ते पान तोडून, उलटं करून शोभाताईंच्या तळहातावर ठेवलं.

“हे बघा, पानाच्या मागं. ठिपके दिसतात? कीड असेल, नसेलही. पण असली तर ती जहाजात बसून तिकडं उतरेल. तिकडंही बागा आहेत काकू.”

“तिकडं तं नुसती रेती म्हनतात.”

“रेती आहे, पण समुद्राच्या काठाकाठानं बागा आहेत. खजूर, लिंबं, आंबे. तुम्ही लग्नात ओटीत खारीक घालता ना, ती त्याच काठांवरून येते. लिंबाची झाडं तिकडं आपल्याकडूनच गेली असं म्हणतात. शेकडो वर्षं गलबतं येतात-जातात. ह्या काठाची झाडं त्या काठावर लागली, तिकडची माणसं इकडं राहिली, आपली तिकडं. पण रोपांबरोबर रोगही फिरले. मागं तिकडं लिंबावर असाच रोग पडला, तर कितीतरी बागा उभ्या वाळल्या.”

शोभाताई पानाकडे बघत होत्या. त्यांना त्यांची मोसंबी आठवली. बांधापलीकडच्या चंपतरावांनी कुठल्याशा नर्सरीतून स्वस्तात रोपं आणली, त्या रोपांच्या मुळांतून डिंक्या आला आणि पावसाच्या पाण्याबरोबर बांध ओलांडून ह्यांच्या वावरात शिरला. झाडांच्या बुंध्यांतून डिंक गळायला लागला. रुपरावांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं स्वतःच्या हाताने तोडून जाळली. त्या दिवशी चूल पेटली नव्हती. चंपतरावांना काही वाईट करायचं नव्हतं. पण त्यांचा विचार त्यांच्या बांधापाशीच संपत होता.

“म्हंजे हा समुद्र बांधच म्हना,” शोभाताई हळूच म्हणाल्या. “आन पलीकडं कोनाची तरी बाग.”

“तसंच समजा.”

“असंलच एखादी माह्यासारखी बाई.”

त्या उठल्या. डोळे पुसायच्या भानगडीत न पडता सरळ भिंतीकडच्या थप्पीपाशी गेल्या आणि स्वतःच्या हाताने चिकटवलेलं पहिलं झाकण त्यांनी टराटरा फाडलं.

“मॅडम, संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा तपासून देतो. मंग तरी पाहान का?” शोभाताईंनी विचारलं.

गुंजन मॅडमनी घड्याळ पाहिलं. “कंटेनर आजच निघाला तर जहाज गाठेल. सगळी थप्पी उघडा. प्रत्येक फळ फिरवून बघा, पानं जाळून टाका. मी पुन्हा माझ्या मनाने खोकी काढीन. एक जरी पान निघालं, तरी सही नाही. मग मला कोणी काही सांगायचं नाही.”

शेडमध्ये जी धांदल उडाली ती पाहण्यासारखी होती. बायका पदर खोचून बसल्या. महादेवरावांनी इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि तेही खोकी उचलू लागले. पान सापडलं की शोभाताई ते परातीत टाकत. प्रत्येक जोडी त्यांनी स्वतः निवडलेली होती, झाडाच्या शेंड्याची, कोवळी. ती टाकताना त्यांना वाईट वाटत होतं आणि लाजही वाटत होती, पण हात थांबत नव्हता. परात भरली तेव्हा त्या ती मागच्या अंगणात घेऊन गेल्या आणि काडी लावली.

ऊन कलल्यावर गुंजन मॅडमनी थप्पीच्या मधून, तळातून, कोपऱ्यातून खोकी ओढायला सुरुवात केली. संत्र उचलायचं, फिरवायचं, देठ बघायचा, ठेवायचं. शेवटचं खोकं उघडलं तेव्हा रुख्मिणीने शेजारणीचा दंड इतका घट्ट धरला, की ती ओरडली. गुंजन मॅडमनी खोक्यातलं अगदी तळाचं फळसुद्धा सोडलं नाही. मग त्यांनी हात पुसले आणि पेन मागितलं.

महादेवरावांनी नारळ असा आपटला की पाणी थेट मॅडमच्या चपलांवर उडालं. कंटेनर फाटकातून बाहेर पडताना बायकांनी टाळ्या वाजवल्या. शोभाताई मागे उभ्या होत्या. महादेवराव त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले.

“भाऊ, उद्यापासून झाकणं रुख्मिणीले लावू द्या,” शोभाताईच म्हणाल्या. “मी निवडाले बसतो.”

“मीही तेच म्हननार होतो ताई,” महादेवराव सुटल्यासारखे म्हणाले. “पन येजा बरं का उद्या.”

दोघी एकाच गावच्या. नरखेडच्या एसटीत रुख्मिणी मुद्दाम शोभाताईंच्या शेजारी बसली आणि मुद्दाम बोलली नाही. काटोल मागे पडलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“काकू, तुम्ही खरं बोलल्या म्हणून वाचली मी. पन आधी माह्या नंबराच्या खोक्यात पान घालाले हात कसा झाला तुमचा?”

“चुकलंच वं. तुह्या नंबराकडं पाह्यलंच नाई म्या.”

“आन एवढं मोठं जहाज लागते तुम्हाले पोरीले सांगाले? फोन हाय ना पिशवीत? लावा.”

“आता? गाडीत?”

“घरी गेल्यावर लावता, पन जेवली का विचारून ठेवून देता. लावा म्हनते ना!”

तिच्या आवाजात अशी काही जरब होती, की शोभाताईंनी मुकाट्याने फोन काढला. बाहेर दिवस मावळला होता.

“आई? काय झालं?” हर्षाचा घाबरा आवाज आला. आईने ह्या वेळी कधी फोन केला नव्हता.

“काई नाई. जेवली का?”

“आता कुठं जेवतो वं? इथं ऊन हाय अजून.”

रुख्मिणीने कोपर मारलं. शोभाताईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

“हर्षे, घरी ये.”

“का म्हनते? ऐकू नाई येऊन राहिलं.”

गाडीच्या काचा खडखडत होत्या. “घरी ये म्हनून राहिली मी!”

“आई, आवाज तुटून राहिला तुहा!”

शोभाताई जिवाच्या आकांताने ओरडल्या, आणि नेमकं त्याच वेळी रेल्वेचं फाटक लागलं म्हणून ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. “तुह्या बाबानं लावलेलं दार म्या उघडलं! घरी ये वं माय!”

सगळी एसटी चिडीचूप झाली. पुढच्या सीटवरचा म्हातारा पूर्ण मागे वळून बसला. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“बिजूले घेऊन?” हर्षाने विचारलं.

“त्याले सोडून आली तं दारात उभी नाई करणार तुले.”

त्यानंतर दोघी जे काही बोलल्या ते रडण्याच्या भरात कोणाला नीटसं कळलं नाही. फोन ठेवून शोभाताईंनी पदराने तोंड पुसलं. सगळी गाडी त्यांच्याकडे बघत होती.

“का म्हने पोरगी?” म्हाताऱ्याने विचारलं.

“संत्र्याले फुलं आल्यावर येतो म्हने. दोघंही.”

म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली. मागच्या सीटवरची एक बाई उगाचच डोळे पुसत होती. मालगाडी धडधडत निघून गेली. शोभाताई फोन पिशवीत टाकता टाकता काळजीच्या सुरात रुख्मिणीला म्हणाल्या, “रुख्मिणी, केरळचे लोक आपल्यासारखं तिखट खातात का वं?”

ह्यावर गाडीतल्या प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. फाटक उघडून गाडी सुरू झाली तरी ते बोलणं चालूच होतं.