पितळी ताटाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुने पितळी ताट आहे. ताट म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर भाकरी आणि वरण येईल. पण माझ्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षे माझ्यात अन्नाचा कणही पडला नाही. त्या वर्षांत माझ्यासमोर बीबी गावची म्हातारी माणसे एकेक करून बसली, आणि मी त्यांच्याविषयी साक्ष दिली. ती साक्ष कधी खरी ठरली, कधी खोटी. दोन्ही सांगते.

मेहकरच्या एका तांबटाने मला घडवले. इंद्रभान नावाच्या शेतकऱ्याने लेकीच्या लग्नात द्यायला मला विकत घेतले आणि माझ्या काठावर तिचे नाव कोरून घेतले, सत्यभामा. लग्नाला सहा वर्षे होतात न होतात तोच तिचे यजमान वारले. ती मला घेऊन माहेरी परतली. मग ती नर्सचे काम शिकली आणि बीबीच्या दवाखान्यात लागली. गाव तिला सत्यभामाबाई म्हणू लागले.

माझ्यात जेवायचे ते इंद्रभान. जेवून हात धुतला की माझ्याकडे बघून म्हणायचे, "पोटभर झालं, माय." पुढे त्यांना विसर पडू लागला. जेवून उठायचे, आणि घटकाभरात पुन्हा माझ्यासमोर येऊन बसायचे. "सत्यभामा, मले काऊन वाढलं नाई वो आज?" सत्यभामाबाई पुन्हा अर्धी भाकरी वाढायच्या. शेजारपाजारचे म्हणत, म्हातारचळ लागला, वय झाले. पण त्याच गल्लीत रुखमाबाई राहत होत्या. त्या इंद्रभानांपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. माडीच्या पायऱ्यांवरून पडून कंबर मोडली होती, दोन लेक डोळ्यांदेखत गेले होते. तरी गावातल्या कुठल्या घरी कुठल्या साली कोणते बियाणे दिले, हे त्या बसल्या जागी सांगत.

१९६१ साली इंद्रभान गेले. सत्यभामाबाईंनी मला चिंचेने घासले, उन्हात वाळवले, आणि चुलीशी न नेता दवाखान्यात नेले. वय तर इंद्रभान आणि रुखमाबाई, दोघांचेही झाले होते. मग एकाची आठवण का गेली आणि दुसरीची का टिकली? या प्रश्नाने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही.

त्यांनी माझ्यात दहा वस्तू मांडल्या. किल्ली, सुपारी, हळकुंड, दोऱ्याचे रीळ, काचेची बांगडी, काडेपेटी, घुंगरू, कवडी, कापसाचे बोंड आणि कंगवा. वर एक पांढरे फडके. दर वर्षी सुगी आटोपली की त्या मला घेऊन घरोघर जायच्या. पासष्टीच्या पुढच्या माणसासमोर बसायच्या, फडके उचलायच्या, मनात तीस आकडे मोजायच्या आणि पुन्हा झाकायच्या. "सांगा आता, काय काय होतं?" मग जरा वेळ शेतीच्या, पाहुण्यारावळ्यांच्या गप्पा, आणि पुन्हा तोच प्रश्न. किती आठवल्या ते जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहायच्या. त्याच कार्डावर माणसाचे दुखणेखुपणे आणि दिवसभर तो काय करतो तेही असायचे. अशी सहा वर्षे गेली. एकशे चार माणसे. गावाने मला नावच ठेवले, परीक्षेचे ताट. मला त्याचा फार अभिमान होता.

रुखमाबाई दर वर्षी दहाच्या दहा सांगत, त्याही मांडलेल्या क्रमाने. आणि वर म्हणत, "बाई, बोंड बदलवा आता. किडलं थे."

मात्र उकंडरावांचे तसे नव्हते. शेताच्या बांधावरून भांडण झाले की दहा गावचे लोक ज्यांच्याकडे निवाड्याला येत, ते हे उकंडराव. पहिल्या वर्षी त्यांनी नऊ वस्तू सांगितल्या. मग सात. मग चार. सहाव्या वर्षी दोन. त्यातच ते समोर आलेल्या माणसाला ओळखेनासे झाले. लोक हळहळले आणि हळूहळू त्यांच्याकडे यायचे बंद झाले. त्यांची सून शालूबाई वाईट नव्हती, पण तीही म्हणू लागली, "मामंजी, राहू द्या, तुमाले नाई समजत आता." उकंडराव बोलेनासे झाले. ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. आणि माझी साक्ष त्यांच्या कार्डावर उतरली होती, दहापैकी दोन.

१९६८ साली बुलढाण्याला दवाखान्यांच्या लोकांची बैठक झाली. तिथे सत्यभामाबाईंना संग्रामपूरचे डॉक्टर दयाराम भेटले. त्यांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांची रीत वेगळी होती. ते दहा शब्द मोठ्याने वाचून दाखवत आणि म्हाताऱ्यांना ते पुन्हा म्हणायला सांगत. पाच वर्षांची शहाण्णव माणसांची कार्डे त्यांच्याकडे होती. ते म्हणाले, "बाई, शंभर माणसांवरून काही ठरत नाही. तुमची आणि माझी कार्डे एकत्र वाचली तर कदाचित काही दिसेल."

सत्यभामाबाई "बघते" म्हणून परत आल्या. दवाखान्यातला कंपाउंडर कचरू त्यांच्यावर जीव असलेला माणूस. तो म्हणाला, "साही वर्सं तुमी पाय झिजवले, अन् नाव होईन त्या डॉक्टराचं. देऊ नका, बाई." सत्यभामाबाईंनी कार्डे कपाटात ठेवली, कुलूप लावले आणि मला कपाटावर ठेवून दिले. तीन आठवडे मी तिथे धूळ खात पडले. खरे सांगते, मलाही बरेच वाटले होते. माझी साक्ष दुसऱ्या कुणी तपासावी, अशी माझीही इच्छा नव्हती.

मग एके दिवशी एस.टी.च्या कंडक्टरने दवाखान्यात एक गाठोडे आणून दिले. आत डॉक्टर दयारामांच्या शहाण्णव कार्डांच्या नकला होत्या. नावे कुठेच नव्हती, नुसते नंबर. सोबत दोन ओळींची चिठ्ठी. "तुमची कार्डे मागत नाही. माझी वाचा, आणि चुकले असेल तिथे सांगा."

सत्यभामाबाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग कचरूला म्हणाल्या, "त्यानं काहीच मागतलं नाई रे."

कचरूने कपाटाची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली.

पण कार्डे त्यांची एकटीची नव्हती. ती ज्या माणसांची होती त्यांना विचारल्याशिवाय एकही बाहेर जाणार नाही, असे त्यांनी ठरवले. पुन्हा घरोघरी फिरणे सुरू झाले. "तुमचं नाव जाणार नाई, नुसता नंबर जाईन. देऊ का?" बहुतेकांनी हसत हो म्हटले. रुखमाबाई म्हणाल्या, "खुशाल दे. नाव गेलं तरी मले चालते."

उकंडरावांनी मात्र भिंतीकडचे तोंड फिरवले नाही. "माह्या डोक्याचं दिवाळं गावोगाव फिरवू नका."

"आबाजी, नाव नाई जाणार. एकोणचाळीस नंबर, इतकंच."

"नंबराले काय लाज नसते?"

सत्यभामाबाईंनी वाद घातला नाही. गठ्ठ्यातून एकोणचाळीस नंबरचे कार्ड काढले आणि त्यांच्या हातात दिले. "हे तुमचं आहे. तुमच्यापाशीच ठेवा." आणि त्या घरी आल्या.

पाचव्या दिवशी उकंडराव काठी टेकत, शालूबाईचा हात धरून दवाखान्यात आले. कार्ड त्यांच्या मुठीत चुरगळले होते. ते म्हणाले, "माहं डोकं गेलं असन तं गेलं. पण काऊन गेलं, थे कोणाले तरी कळलं पाह्यजे. घाला हे त्याईच्यात."

मग एकमेकांची रीत आपापल्या गावांत करून पाहायची, असे दोघांनी ठरवले. पुढच्याच महिन्यात मी कंडक्टरच्या हाती एस.टी.ने मेहकर, खामगाव करत संग्रामपूरला गेले. सातपुड्याच्या पायथ्याच्या म्हाताऱ्यांनी माझ्यातल्या वस्तू पाहिल्या. मग डॉक्टर दयाराम बीबीला आले आणि त्यांनी इथल्या म्हाताऱ्यांना आपले दहा शब्द वाचून दाखवले. मी शेजारीच होते. उकंडराव डोळे मिटून ऐकत होते. डॉक्टरांचे वाचून झाले आणि ते सावकाश बोलू लागले, "विहीर, कुऱ्हाड, चंद्र, मीठ, घोडा, पाटी, पूल, तूप..." जरा थांबले. "दोरी." दहापैकी नऊ.

शालूबाईने तोंडाला पदर लावला. सत्यभामाबाईंनी कार्डावरचा जुना आकडा डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी बॅटरी काढली आणि उकंडरावांच्या डोळ्यांत उजेड टाकला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

"आबाजी, तुम्हाला दिसत नव्हते, हे कधी बोलला का नाहीत?"

"अंधुक दिसे. म्हटलं, वयाचं असन. दिसत नाई म्हटलं असतं, तं वावरात जाऊ दिलं नसतं कोणी."

मित्रांनो, त्या दिवशी मला जी लाज वाटली ती सांगता येत नाही. त्या माणसाची आठवण जागच्या जागी होती. माझ्यातली कवडी त्याला दिसलीच नव्हती, मग आठवणार काय? आणि मी सहा वर्षे ऐटीत सांगत होते की हा विसरला. सत्यभामाबाईंनी माझ्यावर फडके टाकले. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "मी आठवण मोजत होते, डॉक्टर. नजर मोजली नाई. चूक माही."

डॉक्टर हसले. "बाई, संग्रामपूरची गोष्ट ऐका. माझ्या कार्डांवर ज्यांची आठवण गेली म्हणून लिहिले आहे, त्यांतल्या नऊ जणांनी तुमच्या ताटातल्या आठ-आठ, दहा-दहा वस्तू सांगितल्या. त्यांना कमी ऐकू येते. मला पाच वर्षांत कळले नाही."

मग ते दोघे दवाखान्याच्या पडवीत दोनशे कार्डे पसरून बसले. बीबीची चौदा माणसे आणि संग्रामपूरची नऊ, अशी तेवीस माणसे विसरभोळी ठरली होती ती उगाच. त्यांची कार्डे वेगळी निघाली. ज्यांची आठवण खरोखरच हरवत चालली होती, इंद्रभानांसारखी, त्यांची वेगळी झाली. वयाप्रमाणे थोडेफार विसरणाऱ्या बाकी माणसांचीही बाजूला ठेवली. आणि शेवटी उरली अठरा कार्डे. बीबीची सात, संग्रामपूरची अकरा. वय, दुखणी, दुःख, सगळे विरोधात असूनही ज्यांची आठवण जराही ढळली नव्हती ती माणसे. रुखमाबाईंसारखी. सातच माणसे असती तर नशिबाचा खेळ म्हणता आला असता. अठरा माणसांबाबत तसे म्हणता येत नव्हते. ही माणसे रोज काय करतात, कुणाशी बोलतात, मन कशात गुंतवतात, हे आता एकमेकांशी ताडून पाहता येणार होते. उत्तर हाती आले नव्हते, पण प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला गेला होता. सत्यभामाबाईंच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता.

सगळी कार्डे नंबरांसह नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात गेली. तिथल्या प्राध्यापकांनी ती वाचली आणि आणखी पाच गावांच्या दवाखान्यांना कळवले की अशाच रीतीने कार्डे करा, दिसणे आणि ऐकणे आधी तपासा, आणि एकमेकांना दाखवा. त्या पत्राच्या माथ्यावर दोन नावे होती. पहिले सत्यभामाबाईंचे. ते तसे लिहायला डॉक्टर दयारामांनीच सांगितले होते. कचरूने ते पत्र चार वेळा वाचले आणि म्हणाला, "माणूस चांगला आहे हा, बाई."

दरम्यान खामगावला डोळ्यांचे शिबिर भरले. बीबीच्या अकरा जणांचे मोतीबिंदू निघाले. ते परतल्यावर शाळेच्या पटांगणात गाव जमले. सत्यभामाबाईंनी दोन गावांनी मिळून काय शोधले ते सांगितले. नाव कुणाचेच घेतले नाही. "एकोणचाळीस नंबरच्या माणसाला आम्ही विसरभोळा ठरवलं होतं," त्या म्हणाल्या, "आमचं चुकलं."

तेवढ्यात गर्दीतून उकंडराव उठले. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. "एकोणचाळीस नंबर म्हंजे मी," ते म्हणाले. "आना थे ताट."

मला त्यांच्यासमोर ठेवले. फडके उचलले, झाकले. उकंडरावांनी एकेक वस्तू सांगितली. नऊ झाल्या. कपाळाला हात लावून बराच वेळ आठवून पाहिले. मग म्हणाले, "दहावी नाई आठवत. नऊ लिहा. पदरची टाकू नका."

सगळे पटांगण हसले, आणि तेही हसले. मग एक म्हातारी उठली. "बासष्ट नंबर मी हाव." मग दुसरी, मग एक म्हातारा. जी माणसे नंबराआड लपली होती ती आपापला नंबर सांगत उभी राहिली, जणू कुणी बक्षिसाला बोलावले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाचे भांडण घेऊन दोन भाऊ उकंडरावांच्या ओट्यावर आले. शालूबाईने तिघांनाही चहा दिला आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, तुमीच सांगा आता."

या गोष्टीला खूप वर्षे झाली. सत्यभामाबाई निवृत्त झाल्या. नव्या तपासण्या आल्या, माझी गरज उरली नाही. दवाखान्याच्या कपाटात मलमपट्ट्यांच्या डब्यांमागे मी काळवंडून पडले. माझ्यातल्या वस्तू एकेक करून हरवल्या. त्याचे मला दुःख नाही. माझी चूक दुसऱ्या गावाने पकडली, आणि त्या गावाची चूक मी पकडली. एकेकटे आम्ही दोघेही खोटे बोललो असतो. म्हणून मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन काही शोधाल, मोजाल, लिहाल, तेव्हा ते कुलपात ठेवू नका. ज्यांचे आहे त्यांना विचारा, आणि मग मोकळ्या मनाने दुसऱ्याला दाखवा.

आणि मोठे होईपर्यंत एवढे करा. घरात कुणी म्हातारे माणूस असेल आणि त्याला काही आठवत नाही असे सगळे म्हणत असतील, तर त्याच्यासमोर उजेडात बसा. सावकाश, स्पष्ट बोला. खरोखरच त्याचे हरवले असेल, तर तो पुन्हा मागेल तेव्हा अर्धी भाकरी पुन्हा वाढा. पण तसे ठरवण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा, नीट दिसते का, ऐकू येते का, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबा.