सगळ्यांना पाठवलेली गोष्ट

मी गोष्टी लिहिते, त्या वाचून फोनवर रेकॉर्ड करते आणि ओळखीच्या पन्नासेक लोकांना पाठवते. इथपर्यंत सोपं आहे. खरी लाज पुढे सुरू होते. 'वेळ मिळाला तर ऐका हं, जबरदस्ती नाही,' असं खाली लिहायचं, एक हसरा चेहरा टाकायचा आणि वर्गणी मागायला दारात उभं राहिल्यासारखं उत्तराची वाट बघायची. व्हाइटफील्डच्या ऑफिसात राजस कॉफीच्या मशीनपाशी भेटला की म्हणतो, "कस्तुरी, काय लिहितेस, एकदम टॉप." कुठली गोष्ट आवडली, हे विचारायची माझी छाती होत नाही.

खरं सांगायचं तर ही सगळी यातायात एकाच बाईसाठी आहे, श्यामलाक्कासाठी. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठीत कानडी शब्द मिसळणारं; मी पुण्याहून आलेली. ऑफिसच्या कॅबमधून आम्ही दोघी जे. पी. नगरला परतायचो. गाडी जागची हलायची नाही आणि मी तिला गोष्टी रचून सांगायचे. ती डोळे मिटून बसायची. झोपली असं वाटून मी थांबले, की म्हणायची, "मग?" त्या एका शब्दावर मी किती गोष्टी पुढे रेटल्या असतील.

पुढे आईच्या आजारपणात तिने नोकरी सोडली आणि येलहंकाला राहायला गेली. येत राहा म्हणाली, मी हो म्हणाले. गेले नाही, तीही आली नाही. एकाच शहरात माणूस किती लांब जाऊ शकतं, ते मला इथेच कळलं. मला तिची फार आठवण येते. पण तिला एकटीला गोष्ट पाठवायची म्हणजे 'तुझ्यासाठीच लिहिलीय' हे कबूल करणं आलं, आणि ते काही जमेना. म्हणून तिला पन्नास जणांच्या गर्दीत उभं केलं. तिच्या नावासमोर निळ्या खुणा उमटायच्या, उत्तर कधीच नाही. मी चिडायचे. एक ओळ लिहायला हिचं काय जातं?

गेल्या रविवारी सकाळी घाईघाईत नवी गोष्ट पाठवली. दुपारपर्यंत नेहमीचं कौतुक आलं. राजसने टाळ्या पाठवल्या. शेजारच्या निधीने तर शेवट ऐकून डोळे पाणावले असं कळवलं. संध्याकाळी फोन वाजला, आणि चक्क श्यामलाक्का.

"कस्तुरी, स्वल्प वेळ कबुतरं ऐकली, मग कुकरच्या शिट्ट्या," ती म्हणाली. "गोष्ट कुठे आहे?"

मी घाईने फाइल तपासली. रेकॉर्डिंग चालू करून मी कुकर बघायला गेले होते, ती वाया गेलेली फाइलच सगळ्यांना गेली होती. निधीचे पाणावलेले डोळे आठवून हसू आलं. पण लगेच दुसरं काही आठवलं. परत येऊन बसताना मी स्वतःशी पुटपुटले होते.

"शेवटी तू बोललीस," श्यामलाक्का शांतपणे सांगत होती. "एवढं करून श्यामलाक्का काही ऐकत नाही, असं."

मी धीर करून विचारलं, की इतके दिवस एक शब्द तरी का कळवला नाही.

"सगळ्यांना पाठवतेस, सगळे उत्तर देत असतील असं वाटलं. त्यात माझं कशाला?" ती म्हणाली. "रोज भाजी निवडताना ऐकते गं. सगळ्या ऐकल्या. 'मग' पण म्हणते. तुला कुठे ऐकू जातंय ते."

पलीकडून अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलल्याचा बारीक आवाज येत होता.

"सरी, असू दे," ती म्हणाली. "आता ती गोष्ट सांग."

मी म्हटलं, बरोबर फाइल पाठवते. फाइल नको, सांग, असं तिचं म्हणणं. मी खुर्ची खिडकीशी ओढली आणि सुरुवात केली. थोड्या वेळाने शेंगांचा आवाज थांबला. तिने डोळे मिटले असणार. ऐन भरात मी मुद्दामच गप्प झाले.

"मग?" श्यामलाक्का म्हणाली.