छत्रीसकट

एक पिवळाधमक पटका.

केळीच्या पानात गुंडाळलेला ग्रीसचा गोळा.

वाळल्या सोयाबीनच्या शेंगा दुपारच्या उन्हात फुटतात तो आवाज.

शिरोलीहून आणलेले दोन नवे पट्टे, अजून पिशवीतच.

"ऊट आतेनो?" म्हणजे, जेवलास का?

चार बोटं.

आता ओळीनं.

कागलजवळच्या एका गावातल्या सोमलिंगनं गंगावतीकडून जुनी हार्वेस्टर मशीन घेतली. विकणारा मृत्युंजयाप्पा भातशेतीवाला, डोक्याला पिवळाधमक पटका. त्याचे गुडघे आता शिडी चढू देत नव्हते. मशीन ट्रेलरवर चढवायच्या आधी त्यानं सोमलिंगला तिच्याभोवती फिरवलं, आणि लेक सासरी धाडताना जावयाला सांगावं तसं कानडीत एकेक सांगत गेला. हिची चाळणी रोज संध्याकाळी झाडायची. रेडिएटरची जाळी भुशानं चोंदली की ही तापते. रागवायचं नाही, थांबायचं. या आतल्या बेअरिंगला ग्रीस हातानंच लावायचं, ग्रीसगनचं तोंड तिथवर पोचत नाही. वाटेत ग्रीस कुठं शोधशील म्हणून त्यानंच गोळा बांधून दिला. शेवटी सीटवरच्या पत्र्याच्या छत्रीकडं खालूनच बोट केलं.

"ही माझ्या पार्वतीनं करून घेतली. मी उन्हात करपतो म्हणून. वेल्डिंग आहे, नटबोल्ट नाही. बाकी काय हवं ते बदल. ही कापू नको."

पार्वती त्याची बायको, तिला जाऊन दोन पावसाळे झाले होते. सोमलिंग म्हणाला, "न्हाय कापत, आप्पा."

पुढचा कटर काढून वेगळ्या टेम्पोत घातला आणि वरात निघाली. हुबळी आली, फोन. बेळगाव आलं, फोन. निपाणी.

"ऊट आतेनो?"

"झालं, आप्पा."

"तिचं?"

"तिला डिझेल घातलं की!"

गावाच्या कमानीपाशी मशीन ट्रेलरवरून उतरवली. कटरचा टेम्पो पुढं रानात गेला. सोमलिंगची बायको शिवलीला आरतीचं ताट घेऊन कमानीच्या आतल्या बाजूला उभी होती, तिच्या मागं निम्मं गाव. सोमलिंग रुबाबात सीटवर बसला, गिअर टाकला, आणि कमानीच्या तोंडाशी गच्च ब्रेक दाबला.

छत्री कमानीपेक्षा चार बोटं उंच होती.

सोमलिंगनं सगळं मोजलं होतं, कमान सोडून. कमानीचं काय मोजायचं? उसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली दरसाल तिच्याखालून जाते. इकडं पूल असो नाहीतर दार, माप एकच, उसाची ट्रॉली. पण ऊस कमानीला लागला की शेंडे वाकवतो आणि पुढं जातो. पत्रा वाकत नाही.

"सोमल्या," म्हातारा केरबा काठीवर रेलून ओरडला, "हिला शेंडं कुठं हाईत रं?"

लोक खदखदले. शिवलीला हसली नाही. कमानीपलीकडं तिचं सोयाबीन उभं होतं, कडक वाळलेलं. कापायला माणूस मिळत नव्हतं. आजची दुपार गेली तर निम्मे दाणे मातीत. मागच्या ओढ्यावरच्या साकवाला हे धूड पेललं नसतं. वाट ही एकच.

वेल्डर कृष्णात गॅस कटर घेऊन आला. "हिकडं या. पाच मिण्टात कापतो. आत गेल्यावर परत चिकटवू, कळायचं बी न्हाय कुणाला."

सोमलिंगच्या खिशात फोन वाजला.

"कुठवर आली?"

"वेशीत हाय, आप्पा."

"ऊन आहे?"

"लई."

"मग छत्रीखाली बस."

सोमलिंगनं फोन खिशात ठेवला. "कृष्णात, गॅस बंद कर."

"अवं, शेंगा फुटाय लागल्यात," शिवलीला म्हणाली.

"ऐकू येतंय मला."

"मग?"

"शब्द दिलाय म्हाताऱ्याला."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. लग्नात हाच माणूस अंतरपाटामागं घामेघूम होऊनही असाच जागचा न हलता उभा होता. तिनं ताट कट्ट्यावर ठेवलं. "मग चाकांची हवा सोडा की!"

हवा सोडली. मशीन फुस्स करून बसली. तरी दोन बोटं उरलीच. आणखी सोडावी तर टायर रिंगमधून निघायचा.

"वजन पायजे," केरबा म्हणाला.

"कसलं?"

"माणसाचं."

सीटच्या मागं धान्याची मोठी टाकी असते. तिच्यातला दाणे ओढणारा स्क्रू बंद असल्याचं सोमलिंगनं दोनदा पाहिलं. सगळ्यांत आधी शिडीला हात घातला तो त्याच्या आईनं, बसव्वानं.

"अव्वा, तू कशाला?"

"वरात माझ्या घरची. मी न्हाय तर कोण बसणार?"

"जो बसंल त्याचं रान आधी कापणार काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"व्हय, पण आमचं झाल्यावर!" शिवलीला ओरडली, आणि टाकीत जागा पुरेना. कृष्णातसुद्धा चढला. केरबाला दोघांनी उचलून आत सोडला.

"वाका! समद्यांनी वाका! केरबा, काठी खाली!"

मशीन मुंगीच्या पावलानं सरकली. सीटवर सोमलिंगनंही उगाच मान खाली घातली. डोक्यावर कर्रर्र झालं. मग पुन्हा ऊन आलं. छत्रीवर कमानीच्या पिवळ्या रंगाचा एक लांब ओरखडा उमटला होता, हळद लावल्यासारखा.

चाकांत हवा भरली, नारळ फुटला, रानात कटर जोडला. एक पट्टा वाटेत कुरकुरत होता, तो काढून शिरोलीचा नवा घातला. सोमलिंगनं केळीचं पान उलगडून आतल्या बेअरिंगला बोटानं ग्रीस लावलं. दुपार कलायच्या आत पहिले दाणे टाकीत खणखणले. शिवलीलानं ओंजळ भरून घेतली.

आप्पाचा फोन आला. सोमलिंगनं तो नुसता इंजिनाकडं धरला. पलीकडं आप्पानं कान लावून ऐकलं.

"तापली नाही ना?"

"न्हाय."

"छत्री?"

"तिच्याच खाली बसलोय."

"बरं. जेव आता."

छत्रीचं माप घेताना पार्वतीनं मृत्युंजयाप्पाला पटका बांधूनच सीटवर बसवलं होतं; ती चार बोटं पटक्याची.