काच निवळेपर्यंत

इलारियोननं चष्मा काउंटरवर आपटलाच म्हणायचा.

"बाई, हा घ्या परत. याच्यापायी माझ्या पोराची सोयरीक फिसकटली."

उयुनी गावातल्या आपल्या छोट्याशा चष्म्याच्या दुकानात नील्दा रोज तक्रारी ऐकायची. नाकाला टोचतो, कानामागे रुततो, एका पायरीच्या दोन दिसतात. पण चष्म्यानं सोयरीक मोडल्याची तक्रार आजवर आली नव्हती.

"बसा, इलारियोनदादा. नीट सांगा बघू."

इलारियोन साठीला टेकलेला विधुर. चाळीस वर्षं मिठाच्या माळावर कुऱ्हाडीनं मिठाच्या लाद्या तोडतोय. खाली पांढरं मीठ, वर पांढरं ऊन. मधे माणूस भाजून निघतो. दोन महिन्यांपूर्वी नील्दानंच त्याला नंबराच्या चष्म्यात उन्हात आपोआप काळी होणारी काच बसवून दिली होती.

"रविवारी वाल्तेरसाठी फोर्तुनातोची मुलगी, फेलिसा, मागायला गेलो," तो म्हणाला. "तासभर चालत. नवा कोट, मागणीच्या वेळी द्यायची कोकाची पानं, सगळं रीतीनं. आत बसलो, पानं पुढे केली, बोलायला लागलो. तर त्यांची बायको म्हणते, 'डोळे झाकून लेक मागणारा पाव्हणा आजच बघितला.' पानांना हातसुद्धा लावला नाही त्यांनी. दहा मिनिटांत मी दाराबाहेर!"

"चष्मा अजून काळाच आहे, हे कळलं नाही तुम्हाला?"

"मला काय कळणार! मला वाटलं, त्यांचं घरच अंधारं आहे."

नील्दाला हसू आलं आणि तिथेच विरलं. तिनं त्याला काय सांगितलं होतं ते तिला लख्ख आठवलं. आत गेलात की काच पांढरी होते, इतकंच. दाखवलंही होतं, पण ते इथे, शेगडीच्या उबेत, जिथे दोन मिनिटांत काच निवळते. ऑगस्टमधल्या, इथल्या ऐन हिवाळ्यातल्या गारठ्यात तासभर चालून तो कुठल्या घरात शिरणार आहे, हे तिनं विचारलंच नव्हतं.

तिनं तसल्याच दोन काचा उन्हात, बाहेरच्या कट्ट्यावर ठेवल्या. वारा सुरीसारखा वाहत होता. दहा मिनिटांनी दोन्ही काचा काळ्याकुट्ट झाल्या. ती त्या मागच्या थंड खोलीत घेऊन गेली. एक टेबलावर ठेवली, दुसरी मुठीत धरली. मुठीतली लवकर निवळली. टेबलावरची बराच वेळ कडक चहासारखी राहिली.

"बघा. थंडीत ही काच जास्त काळी होते आणि निवळायलाही वेळ घेते. हे मी आधी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

"तुमची चूक कबूल. पण माझ्या पोराचं काय?"

"चूक माझी, तर सांगायलाही मीच येणार. रविवारी येते तुमच्याबरोबर."

इलारियोन तिच्याकडे बघतच राहिला. "व्याह्यांच्या दारात चष्मेवालीला घेऊन जाऊ? लोक हसतील मला."

"हसू देत. आणि हा चष्मा नको असेल तर बदलून देते. साधी पांढरी काच एक, उन्हासाठी काळी दुसरी."

"कामावर दोन चष्मे? हात सगळे मिठानं भरलेले. एक काढून ठेवला की मीठ गिळतंय त्याला." त्यानं चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. "रविवारचं होऊ दे. मग बघू."

रविवारी फोर्तुनातोच्या अंगणात दोघं पोचली तेव्हा तो आपल्या लामा जनावरांच्या गळ्यातल्या दोऱ्या सोडवत होता. त्याची बायको सेवेरिना दारातच उभी होती.

"परत आले!" ती नवऱ्याला म्हणाली. "या खेपेला वकील घेऊन आलेत."

"वकील नाही हो, मी चष्मे करते," नील्दा म्हणाली. "पाच मिनिटं द्या. नंतर हवं तर हाकलून द्या."

इलारियोनचा चष्मा खिशातल्या डबीत होता, तिच्याच सांगण्यावरून. तिनं तो उन्हात धरला आणि एका काचेच्या अर्ध्या भागावर सुकं पान ठेवलं. थोड्या वेळानं पान उचललं. उघडी बाजू काळी पडली होती, आणि पानाखाली पानाच्याच आकाराचा पांढरा तुकडा राहिला होता.

"अगं बाई!" सेवेरिना वाकून बघायला लागली. "माझी सावत्र आई अशीच होती. उन्हात एक, सावलीत एक."

"आता आत चला."

चौघं आत गेली. मातीच्या भिंती, एक खिडकी, बाहेरच्याइतकाच गारठा. नील्दानं चष्मा फडक्यावर ठेवला आणि सगळे त्याच्याभोवती बसले, जणू एखादं आजारी कोकरूच मधे ठेवलं होतं. काच निवळता निवळेना. फोर्तुनातो मनातल्या मनात मोजत होता. तीनशेनंतर त्यानं मोजणं सोडून दिलं.

"काचेचं समजलं," तो म्हणाला. "माणसाचं काय? इलारियोन, माझी बायको बोलली तेव्हा चष्मा नुसता उतरवायचा होता. का नाही उतरवला?"

नील्दानं इलारियोनकडे पाहिलं.

इलारियोन मान खाली घालून बोलला. "उतरवला असता तर पानं कुणाच्या हातावर ठेवतोय ते दिसलं नसतं. हे एक." मग त्यानं तोंड वर करून खिडकीच्या उजेडात धरलं. "आणि दुसरं हे."

दोन्ही डोळे लाल होते. नाकाच्या बाजूनं बुबुळाकडे मांसाचा पातळ पडदा चढत आला होता. मिठाच्या उजेडानं आणि वाऱ्यानं वर्षानुवर्षं विणलेला.

"वाटलं, तुम्ही म्हणाल, पोरगी कसल्या रोगट घरात देतोय."

सेवेरिना उठली आणि त्याच्यासमोर येऊन बसली. अगदी जवळून तिनं ते डोळे पाहिले.

"दुखतं का हो?"

"वारं असलं की."

"मला दिसतोय तो माणूस," ती नवऱ्याला म्हणाली, आणि उठून चुलीकडे गेली.

फोर्तुनातो लगेच विरघळणारा नव्हता. "तुझा पोरगाही मिठावरच ना? उद्या त्याचेही डोळे असेच होणार. माझ्या लेकीनं काय हात धरून फिरवायचं त्याला? आधी त्याला असा चष्मा करून घे. मग बोलू."

"आजच सांगतो बाईंना," इलारियोन घाईनं म्हणाला. "बाई, लिहून घ्या. अशीच काच, वाल्तेरसाठी."

नील्दा हो म्हणणारच होती. जीभ चावून थांबली. मागच्या वेळी जे विचारायचं राहिलं होतं ते तिनं या वेळी आधी विचारलं.

"वाल्तेर दिवसभर नेमकं काय करतो?"

"लॉरी चालवतो. मिठाची."

"काचा बंद करून?"

"उघड्या ठेवून कसं चालेल? वारं कापून काढील."

"मग ही काच त्याला नको. ती ज्या किरणांनी काळी होते ते लॉरीची पुढची काचच अडवते. आत बसून ती जवळपास पांढरीच राहील आणि मिठाची तिरीप सरळ डोळ्यांत जाईल. त्याला नंबर नसला तर साधा काळा चष्मा पुरे, डोळ्यांना बाजूनं झाकणारा. पण त्याला दुकानात येऊ द्या. आधी डोळे तपासते."

फोर्तुनातोनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"महागातला सोडून स्वस्तातला सांगताय?"

"मागच्या वेळी न विचारता दिला. त्याचंच तर निस्तरतेय."

तो हसला, गालातल्या गालात. मग बायकोकडे न बघताच लेकीला मोठ्यानं हाक मारून म्हणाला, "फेलिसा, आई रश्शाचं बघतेय. तू पाच वाट्या काढ. आणि सासऱ्यांची वाटी त्यांच्या हातात दे गं, काच निवळेपर्यंत त्यांना दिसायचं नाही."